सलाईनच्या खोलीतल्या महादेवी सिस्टर

अनया, रोहन, महादेवी सिस्टर गेल्याचा फोन आला तेव्हा तुमचे आजोबा बीदरला, मैलूरच्या घराच्या पायरीवर बसून सँडलचा पट्टा लावत होते. रविवार होता, ऊन कललं होतं आणि ते रोजच्यासारखे पाण्याच्या टाकीपर्यंत फिरून यायला निघाले होते. फोन मी घेतला. कलबुर्गीच्या इस्पितळातली एक मुलगी बोलत होती. तिनं मराठीत सुरुवात केली, मधेच ती कन्नडमध्ये गेली आणि मग दोन्ही भाषा सोडून नुसती रडायला लागली. सिस्टर सुट्टी घेऊन निंबर्ग्याला, आपल्या गावी गेल्या होत्या. दुपारी जेवून जरा पडल्या, त्या उठल्याच नाहीत. हृदय बंद पडलं म्हणे... मी आजोबांना सांगितलं. त्यांनी लावलेला पट्टा सोडला, परत लावला, आणि खाली बघतच म्हणाले, "गाडी बोलाव. निंबर्ग्याला जाऊ या."

त्याला आता काही आठवडे झाले. तुम्ही सिस्टरांना एकदाच पाहिलंत, तेही फोनच्या पडद्यावर, शेतातल्या गोंगाटात. नंतर अनयानं विचारलं होतं, "आजी, ती बांगड्या वाजवणारी बाई कोण?" तेव्हा मी म्हटलं होतं, मोठी गोष्ट आहे, सावकाश सांगेन. आता सांगते. गावात आणि आसपास बऱ्याच घरांत आजोबांसारखं दुखणं आहे, म्हणून चार लोकांनी वाचायलाही हरकत नाही.

तुमचे आजोबा भूमापन खात्यात होते, हे तुम्हाला माहीत आहे. औरादपासून आळंदपर्यंत कुठल्या शेताचा बांध कुठं वळतो, कुठला हद्दीचा दगड कुणी रात्रीतून सरकवला, हे त्यांच्या पायांना पाठ. त्याच पायांना गाऊट झाला. आपल्याकडे त्याला कुणी वात म्हणतं, कुणी संधिवात म्हणून सोडून देतं. रक्तातलं युरिक ॲसिड वाढतं आणि त्याचे सुईसारखे खडे सांध्यांत जाऊन बसतात. नोकरीत असताना आजोबांनी गोळी कधी घेतली, कधी कॅम्पवर विसरली. दुखायला लागलं की घ्यायची, थांबलं की सोडायची. वर्षानुवर्षं असं चाललं आणि खडे साठत गेले. अंगठ्यावर, घोट्यावर, कोपरावर, बोटांच्या पेरांवर गाठी आल्या. एखादी फुटली की आतून खडूसारखं पांढरं पीठ यायचं. शेवटी तर चप्पल पायात शिरेना, घास मोडता येईना. भाकरी मी कुस्करून द्यायची आणि ते चमच्यानं खायचे. पाहुणे आले की ते भूक नाही म्हणून आतल्या खोलीत बसायचे. तुम्ही त्या काळात फोन केलात की ते झोपलेत असं मी सांगायची. ते झोपलेले नसत.

गोळ्यांचा जोर त्या साठ्यापुढं चालेना, तेव्हा कलबुर्गीच्या मोठ्या डॉक्टरांनी सलाईनमधून द्यायच्या एका औषधाचं नाव काढलं. ते आपल्याकडे सहज मिळत नाही. तुमच्या बाबांनी आणि डॉक्टरांनी मिळून खटपट केली आणि ते बाहेरून मागवलं. दर पंधरवड्याला एकदा, काही तास, हळूहळू शिरेतून द्यायचं. काम करतं ते झपाट्यानं, पण काहींच्या अंगावर उलटतंही, म्हणून रुग्णाजवळ सतत कुणीतरी जाणतं माणूस हवं. "आमच्या सलाईनच्या खोलीत महादेवी सिस्टर आहेत," डॉक्टर म्हणाले, "त्या असल्या की मी निवांत असतो."

ती खोली पहिल्या मजल्याच्या टोकाला होती. चार खुर्च्या, एक फ्रिज, खिडकीबाहेर कडुनिंब. सिस्टर पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, आवाज खणखणीत. ड्यूटीवर असताना हातात काही घालायचं नाही हा नियम त्या पाळत, पण पर्समध्ये हिरव्या-लाल काचेच्या बांगड्या रुमालात गुंडाळून ठेवलेल्या असत. ड्यूटी संपली की आधी बांगड्या चढवायच्या, मगच घरी निघायचं. पहिल्या दिवशी त्यांनी आजोबांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "अण्णा, हे हात हायत का आल्याची गड्डी? बीदरच्या बाजारात मांडून बसलाव तर कुणीबी भाव करंल की!"

त्या हातांकडे लोक बघत आणि नजर वळवत. थट्टा कुणी केली नव्हती. मी घाबरून आजोबांकडे पाहिलं. ते हसत होते. कितीतरी दिवसांनी.

मग त्यांनी विचारलं, "काय पायजे तुमाला ह्या औषधाकडनं?"

"बरं व्हायचंय," आजोबा म्हणाले.

"ते समद्यांनाच पायजे. नेमकं सांगा."

आजोबांनी आपल्या पायांकडं पाहिलं. मग म्हणाले, "येळवसेला शेताला फेरी घालायचीय. चालत."

तुम्ही इथं वाढला नाहीत, म्हणून सांगते. मार्गशीर्षातली अमावस्या ती आपली येळवस. त्या दिवशी सगळं गाव शेतात असतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, तिथं पूजा मांडायची, ज्वारीची आंबील, बाजरीचे उंडे आणि डाळी-शेंगा-पालेभाज्यांची भज्जी खायची. आणि घरातल्या कर्त्या माणसानं आंबील शिंपडत शेताच्या चारी कडांनी फिरायचं. निर्णा या आपल्या गावच्या शेतात ही फेरी काही वर्षं दुसरंच कुणी घालत होतं आणि आजोबा गाडीत बसून काचेतून बघत होते. सिस्टर मान डोलवून म्हणाल्या, "मग धरा. येळवस." जणू काही त्या दोघांनी मिळून एखाद्या जमिनीची मोजणी अंगावर घेतली.

औषधाची बाटली त्या फ्रिजमधून स्वतः काढायच्या आणि कुणाला हलवू द्यायच्या नाहीत, फेस आला तर ते बिघडतं म्हणून. आधी ॲलर्जी येऊ नये म्हणून दुसरी औषधं, मग थांबायचं, मग सलाईन, आणि संपल्यावरही पुन्हा थांबायचं. हे सगळं नेमानं. पण मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. सलाईन सुरू झालं की त्या स्टूल ओढून समोर बसत आणि म्हणत, "हं, बोला अण्णा. कुठलं गाव मोजलं सगळ्यात आदी?" टीव्ही लावायच्या नाहीत, झोपू द्यायच्या नाहीत. मला वाटलं, गप्पिष्ट बाई आहे, वेळ जात नसेल. आजोबांना काय, ऐकणारं माणूस हवंच होतं. मोजणीची साखळी, दगड, शीव, भांडणं, सगळं बाहेर पडू लागलं.

एकदा ते बांधावरच्या एका जांभळाच्या झाडाची गोष्ट सांगत होते. दोन सख्खे भाऊ, मधे बांध, बांधावर जांभूळ. दोघंही म्हणत झाड माझं. दोघांच्या बायका झाडाखाली पदर खोचून उभ्या. "मी साखळी टाकली," आजोबा म्हणाले, "आणि मोजत मोजत खोडापाशी आलो, तर काय..." आणि थांबले. मला वाटलं, रंगत आणायला थांबले. सिस्टर मात्र तोवर उठून उभ्या होत्या आणि नळीवरची चकती त्यांनी बंदही केली होती. आजोबांचा चेहरा लाल झालेला मी त्यानंतर पाहिला. छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटतंय, ते म्हणाले. एक मुलगी डॉक्टरांना बोलवायला धावली, दुसरीनं इंजेक्शन आणून दिलं. सिस्टर एका हातानं नाडी धरून, "हाय मी, हाय मी हितंच," असं बोलत होत्या. हळूहळू लाली उतरली. डॉक्टरांनी तपासलं, बराच वेळ थांबून अगदी मंद गतीनं औषध पुन्हा सुरू करायला सांगितलं. सिस्टर स्टुलावर बसल्या, घाम पुसला आणि म्हणाल्या,

"आता सांगा. झाड कुणाचं निघालं?"

"सरकारचं," आजोबा क्षीण आवाजात म्हणाले. "बांध रस्त्याच्या जागेत होता."

त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारच्या खुर्चीवरचा रुग्ण दचकला. नंतर जिन्यात मी त्यांना विचारलं, तुम्हाला इतक्या लवकर कसं कळलं? त्या म्हणाल्या, "बाई, बीपीचं मशीन सांगतंय, पन मागनं. बोलणारा माणूस मधीच गप झाला की मला आदी कळतंय. म्हणून तर बोलायला लावायले की समद्यांना." मी आयुष्यभर वर्गात मुलांना गप्प बसवलं. बोलायला लावणं हीसुद्धा राखण असते, हे त्या जिन्यात कळलं.

पहिले काही महिने कठीण गेले. खडे विरघळायला लागले की दुखणं उलट उसळतं. सिस्टरांनी ते आधीच सांगून ठेवलं होतं. त्यासाठीची वेगळी औषधंही चालू होती. तरी एका सकाळी गुडघा सुजून भोपळा झाला आणि आजोबांनी जाहीर केलं की आता कलबुर्गी बस्स. मी सिस्टरांना फोन लावला आणि तो आजोबांच्या कानाला धरला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "कामून येत न्हाई म्हनायलाव? दुखायलंय? मग बरं झालं की! इतकी वर्सं भाडं न देता बसल्यात ते खडे, उठताना दंगा करणारच. बरफ लावा, डागदरनं दिलेलं औषध घ्या, अन् परवा या. न्हाई आलाव तर मी बीदरला येऊन मैलूरच्या चौकात तुमच्या नावानं बोंब मारीन." आजोबा कलबुर्गीला गेले. सगळ्या वेळी गेले.

आणि फरक दिसू लागला. आधी कोपरावरची गाठ मऊ पडली, मग बसली. एके दिवशी जेवताना त्यांनी चमचा बाजूला सारला आणि भाकरीचा तुकडा मोडला... मी वाढता वाढता थांबले. ते म्हणाले, "बघतेस काय, भाजी वाढ."

आता अक्कांबद्दल सांगायला हवं. अक्का म्हणजे आजोबांची थोरली बहीण, तुमची निर्ण्याची आजी. आई लवकर गेल्यावर तिनंच आजोबांना वाढवलं. नवरा गेल्यापासून ती माहेरच्या शेतावर गडी लावून राहते, आणि बीदरला येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर भावासाठी काहीबाही पाठवते. औषध सुरू झालं तेव्हा डॉक्टरांनी आजोबांची जुनी गोळी बंद केली होती. त्याचं कारण सिस्टरांनी मला नीट समजावलं होतं. दर सलाईनच्या आधी रक्त तपासायचं. औषध चालत असेल तर युरिक ॲसिड तळाला जातं. ते वर चढलं तर समजायचं, शरीर औषध स्वीकारेनासं झालंय, आणि अशा वेळी ते दिलं तर जिवावर बेतू शकतं. गोळी चालू असली तर तो आकडा खरं बोलत नाही. हे मी अक्कांना फोनवर सांगितलं, पण त्यातलं "गोळी बंद केलीय" एवढंच तिच्या कानात राहिलं.

दिवाळी झाली, येळवस जवळ आली. एका पंधरवड्याला बीदरला रक्त तपासायला दिलं, आणि दुसऱ्या दिवशी निघताना अक्कांनाही वाटेतून गाडीत घेतलं. भावाला कसलं औषध देतात ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं तिला. खोलीत पोचलो तर सिस्टरांच्या हातात रिपोर्ट होता आणि चेहऱ्यावर रोजचं हसू नव्हतं. आकडा चढला होता. पण धोक्याच्या रेघेच्या आत होता. ड्यूटीवरचे तरुण डॉक्टर म्हणाले, नियमाप्रमाणे द्यायला हरकत नाही. सिस्टर म्हणाल्या, "सर, रेघेच्या आत हाय, पर इतके दिवस तळाला हुता. चढला कामून, हे कळल्याबिगर मी बाटली बाहेर काढणार न्हाई. मोठ्या सरांशी बोलू या." मोठ्या डॉक्टरांनी फोनवर सगळं ऐकलं आणि सांगितलं, आज थांबा.

आजोबांचा संयम सुटला. "सिस्टर, येळवस तोंडावर आलीय. आत्ता कुठं पायाला जमीन लागायलीय. आज चुकलं तर सगळं मागं जाईल."

मीही म्हटलं की रेघेच्या आत आहे तर अडचण काय.

"येळवस दरसाल येतीय, अण्णा," सिस्टर म्हणाल्या. "तुमी नगं का यायला?"

सिस्टरांनी आजोबांना विचारलं, जुनी गोळी खायलाव का? नाही. मला विचारलं. नाही. मग त्या उठून अक्कांच्या शेजारी बसल्या. तुम्ही दिली का, असं त्यांनी विचारलंच नाही. त्या म्हणाल्या, "अक्का, अण्णाची गोळी बंद झाली तवा तुमाला कसं वाटलं वो?"

अक्कांनी पदर तोंडाशी नेला. "कसं वाटायचं, माय... आमच्या मालकाला दवाखान्यातनं घरी आणलं तवा डागदर म्हनला, आता गोळ्या बंद करा, मनाला यील ते खाऊ घाला. मला वाटलं बरे झाले. गल्लीत साखर वाटली मी. अन् मग... तवापासनं गोळी बंद म्हनलं की माजं काळीज हलतंय. ह्यो माजा धाकटा. ह्याची गोळी मी बंद हू देईन व्हय?"

"माज्या मायनंबी आसंच केलंतं," सिस्टर म्हणाल्या. "आपल्याकडं गोळी बंद म्हंजे डागदरनं हात टेकले. व्हय की न्हाई? मग, कशात घालायलाव?"

"शेंगाच्या चटनीत," अक्का म्हणाली. "त्याच्या जुन्या गोळ्या माज्या घरी पडून हुत्या. उखळात शेंगा, लसूण, तिखटासंगं कुटल्या."

आजोबांनी बहिणीकडं पाहिलं, मग जेवणाच्या डब्याकडं. "तरीच," ते म्हणाले, "म्हणलं यंदा चटणी इतकी बारीक कशी!"

हसू आधी कुणाला फुटलं ते आठवत नाही. बहुधा सिस्टरांनाच. पण हसणं ओसरल्यावर त्यांनी अक्कांचा हात धरून अगदी सावकाश सांगितलं, "अक्का, चुलीवर दूध ठेवलंय अन् मी त्याच्याकडं बघत बसलेय. तुमी वर झाकण घातलाव. आता ते उतू जायलंय का न्हाई, मला दिसंल का?" अक्कांनी मान हलवली. "मग झाकण काढू. काय दिसंल ते बघू." चटणी बंद झाली. थोड्या दिवसांनी पुन्हा रक्त तपासलं, आणि आकडा रेघेच्या बराच वर गेलेला निघाला. शरीरानं औषध नाकारायला सुरुवात केली होती, ते आधीच, अक्कांची चटणी असो वा नसो. चटणीनं ते फक्त झाकलं होतं. मोठे डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी सलाईन दिलं असतं तर काय झालं असतं सांगता येत नाही. आणि त्यांनी उपचार बंद केला.

आजोबा भिंतीकडं तोंड करून निजले. त्यांनी सिस्टरांचेही फोन घेतले नाहीत. अक्का निर्ण्यात जेवत नव्हती असं गडी सांगायचा, म्हणून मी तिला मैलूरला आणून ठेवलं. घरात दोन माणसं दोन खोल्यांत गप्प. मग एका सकाळी फाटकाशी बांगड्या वाजल्या. सिस्टर आपल्या सुट्टीच्या दिवशी कलबुर्गीहून रेल्वेनं आल्या होत्या. चहासुद्धा न घेता त्या आजोबांच्या पलंगावर बसल्या.

"अण्णा, हात दावा. ... हे बगा. आल्याची गड्डी कुठं गेली? बोटं हायत ही! डोंगर पडला. गोळीला डोंगर हलवता येत नव्हता, म्हणून सलाईन लावलं. आता उरलेल्या मुरमावर राखण करायची हाय, अन् राखणीला गोळी बास हाय. पर रोज. कॅम्पवर इसरायची न्हाई. मोठ्या सरांनी लिहून दिलंय, हे घ्या." मग आतल्या दाराकडं बघून ओरडल्या, "अक्का! या हिकडं. आजपासनं अण्णाची गोळी तुमच्या हातनं."

अक्का दारात येऊन उभी राहिली. "परत चटनीत?"

"न्हाई वो माय! तळहातावर. अण्णाला दिसली पायजे, तुमाला दिसली पायजे, अन् महिन्याला रक्तात आमाला दिसली पायजे."

आजोबा उठून बसले. त्यांनी चहा मागितला.

मला पुष्कळदा वाटतं, दुसऱ्या कुणी अक्कांना त्या खोलीतून बाहेर बसवलं असतं आणि औषधाच्या डब्याला कुलूप लावायला सांगितलं असतं. सिस्टरांनी तिच्याच हातात गोळी दिली. ज्या हातानं चोरून दिली, त्याच हातानं उघडपणे. त्यानंतर एक दिवस ती चुकली नाही. आजोबांनाही चुकायची सोय राहिली नाही, कारण थोरल्या बहिणीनं तळहात पुढं केल्यावर नको म्हणायची रीत आपल्या घरात नाही.

त्या येळवसेला आम्ही सगळे निर्ण्याला गेलो. सिस्टर आल्या होत्या, हिरव्या इरकलीत आणि कोपरापर्यंत बांगड्यांत. तुमचा फोन आला तो तेव्हाचा. वाढप सुरू झालं तेव्हा भाऊबंदांपैकी कुणीतरी म्हणालं की अण्णाला भज्जी नको, डाळी चालत नाहीत. सिस्टर मागूनच म्हणाल्या, "मटण अन् दारू सोडा म्हणलंय डागदरनं. भज्जीनं तुमचं काय घोडं मारलंय? वाढा." पण आजोबा बसले नव्हते. त्यांनी आंबिलीचा तांब्या उचलला. बोटं पूर्ण मिटत नव्हती, तळहाताचा आधार देऊन त्यांनी तो धरला आणि कोपीपासून पूर्वेच्या बांधाकडं निघाले. करडईच्या कडेनं, हरभऱ्याच्या कडेनं. मी मागून एक स्टूल घेऊन जायला निघाले, तर सिस्टरांनी मला धरून ठेवलं. "ऱ्हाऊ द्या, बाई. दमले तर बांधावर बसतील. मोजणीवाल्याला बांध काय नवा हाय?" ते दोनदा बसले. दोनदा उठले. शेवटच्या कोपऱ्यावरच्या दगडाशी ते जरा वाकून काहीतरी बघत राहिले. नंतर विचारलं तर म्हणाले, दगड जागेवर आहे.

ते परत आले तेव्हा अक्का रडत होती, आणि सिस्टर कुणाचं लक्ष नाही असं समजून पदराला डोळे पुसत होत्या. मग त्यांनीच सगळ्यांना हाक मारली, "आता वाढा की वो, मी सकाळपासनं उपाशी हाय!"

पुढच्या वर्षीच्या फेरीत ते एकदाही बसले नाहीत. दर महिन्याला रक्ताचा रिपोर्ट आला की ते सिस्टरांना फोन करून आकडा सांगायचे, आणि पलीकडून शाबासकी किंवा टोमणा, जे असेल ते मिळायचं.

निंबर्ग्यात सिस्टरांना त्यांच्या शेतातच माती दिली. गावापासून तिथवर गाडी जात नव्हती. तुरीच्या ओळींमधून पाऊलवाट होती. आजोबा कुणाचा हात न धरता चालत गेले. इस्पितळातल्या त्या मुली आल्या होत्या, ज्यांच्याबरोबर सलाईनच्या खोलीत सिस्टरांनी उमेदीची वर्षं घातली. आम्ही ज्यांना ओळखत नव्हतो अशी कितीतरी माणसं आली होती. कुणी काठी टेकत, कुणी लेकाच्या खांद्यावर हात ठेवून. मूठमाती द्यायची वेळ आली तेव्हा आजोबांनी माती उचलली. काही कण बोटांच्या फटीतून गळले. बाकीची मूठ त्यांनी मिटून धरली आणि मग सोडली.

गेल्या आठवड्यात या महिन्याचा रिपोर्ट आला. चांगला होता. आजोबा फोन हातात घेऊन झोपाळ्यावर बसून राहिले. अक्का म्हणाली, "लाव की फोन."

"कुणाला?"

"तिच्या खोलीत कुणीतरी आसंलच की."

त्यांनी सलाईनच्या खोलीचा नंबर लावला. एका तरुण आवाजानं उचलला. आजोबांनी आपलं नाव सांगितलं, आणि म्हणाले, "काही नाही... आकडा सांगायचा होता." पलीकडं कागद सरकल्याचा आवाज झाला. मग ती म्हणाली, "सांगा अण्णा, लिहून घेते." तिनं लिहून घेतला, वाचून दाखवला, आणि म्हणाली, "मागच्यापेक्षा बरा हाय. आता अक्कांना फोन द्या. गोळी त्याच देतात नव्हं? सिस्टरनी सांगून ठेवलंय, तुमचं अर्धं आन् अक्काचं अर्धं खरं मानायचं."

अक्कांनी फोन तोंडासमोर आरशासारखा धरला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला सुरुवात केली. गोळी रोज देते, चुकत नाही, जीभ उचलून बघते. मग विचारलं, तिथं मुली किती आहेत, जेवायला काय आणतात, कोरडंच खातात का. आणि शेवटी म्हणाली, "शेंगाची चटनी पाठवू का गं? निस्ती चटनी हाय बग, दुसरं काय न्हाई त्यात!" फोनमधून त्या खोलीतलं हसणं ऐकू आलं, एकीचं नाही, दोघीतिघींचं.

आज सकाळपासून स्वयंपाकघरात उखळाचा आवाज चाललाय. अक्का कुटतेय. आजोबा तिच्या शेजारी पाटावर बसून शेंगा फोडतायत. एकेक शेंग चिमटीत धरायची, दाबायची, दाणे सुपात टाकायचे. हळू चाललंय, आणि अक्का घाई करतेय, "हात चालीव की रे, मुली उपाशी ऱ्हातील." टरफलांचा ढीग त्यांच्या पायाशी वाढत चाललाय.